लिंबाच्या पाण्यातले मासे

आमच्या घरात वारी तीन पिढ्यांची आहे आणि अण्णांच्या गळ्यात बाराव्या वर्षापासून तुळशीची माळ आहे. त्या घरच्या शेततळ्यात रोहू-कटला सोडायचा विचार मी पहिल्यांदा बोलून दाखवला, तेव्हा अण्णा आठ दिवस माझ्याशी कामापुरतेच बोलले. नवव्या दिवशी गोठ्यात धार काढता काढता, माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "सोड. खायला घालायचं काम माझं. पण जाळं टाकायच्या दिवशी मी हितं नसणार." या बोलीवर आमचे मत्स्यपालन सुरू झाले आणि पाच वर्षे झाली तरी ती बोली जशीच्या तशी चालू आहे.

आमची जमीन करमाळा तालुक्याच्या पूर्व अंगाला, कोरडवाहू पट्ट्यात आहे. उजनी धरणाचा फुगवटा तालुक्याच्या दुसऱ्या कडेला लागतो. ते पाणी आम्हाला दिसते ते माझ्या पत्नीच्या माहेरी गेल्यावर. इकडे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. ज्वारी, तूर, उडीद ही खरी पिके. त्यात विहिरीच्या भरवशावर दोन एकर कागदी लिंबू, झाडे दोनशे वीस. शासनाने 2016 मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आणली, तेव्हा तालुक्यात जेसीबी रात्रंदिवस चालले आणि त्यातलाच एक आमच्या बांधावरही आला. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल, उताराचे काठ, आत पाचशे मायक्रॉनचा कागद. सेंद्रिय शेतकऱ्याने जमिनीवर एवढे मोठे प्लास्टिक अंथरावे याची टोचणी मला आजही आहे; पण कागदाशिवाय आमच्या मुरमात पाणी दिवाळीही पाहत नाही, हेही तितकेच खरे. भरले की या तळ्यात सुमारे बावीस लाख लिटर पाणी मावते. पावसाळ्यात विहीर तुडुंब असताना ते उपसून इथे साठवायचे आणि फेब्रुवारीपासून ठिबकने लिंबाला द्यायचे, असा साधा हिशेब होता.

मासे कशासाठी, हा प्रश्न मला आमच्या सेंद्रिय शेतकऱ्यांच्या गटातल्या प्रत्येकाने विचारला. लिंबाचा दर एका आठवड्यात गोणीमागे निम्म्यावर येतो, तुरीवर मर येते, उडीद काढणीच्या पावसात काळा पडतो. रासायनिक खते बंद केल्यापासून आमचा खर्च खाली आला, पण जोखीम गेली नाही. अशा वेळी जे पाणी आठ महिने नुसते उभे असते, त्याच्याकडूनही काही मिळावे असे वाटणे साहजिक होते. यूट्यूबवर बायोफ्लॉकचे, म्हणजे टाकीत दाटीने मासे वाढवण्याच्या पद्धतीचे, लाखांचे आकडे सांगणारे व्हिडिओ मीही पाहिले. पण त्या टाक्यांना चोवीस तास हवा द्यावी लागते आणि आमच्याकडे शेतीची वीज आठ-दहा तास, तीही आठवड्याने पाळी बदलत येते. ज्याच्या श्वासाला महावितरणचे वेळापत्रक लागते असा प्राणी पाळायचा नाही, एवढे मी सुरुवातीलाच ठरवले.

बीज आणले ते जुलै महिन्यात. मत्स्यजिरे, मत्स्यबीज, अर्धबोटुकली, बोटुकली ही माशाच्या बाळपणाची चार नावे मी त्या आठवड्यात शिकलो. विकणाऱ्याने तळ्याचे माप ऐकून तीन हजार नग घ्या असे सांगितले आणि मी घेतले. घरी आल्यावर पत्नीने पिशव्या पाहिल्या. तिचे बालपण फुगवट्याच्या काठी गेलेले, घरात मासळी रोजची. तिने पिशव्या लगेच फोडू दिल्या नाहीत. एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरलेल्या त्या फुगलेल्या पिशव्या तिने वीस मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, मग तोंड सोडून ओंजळ ओंजळ तळ्याचे पाणी आत घातले आणि शेवटी पिशवी आडवी करून दोन्ही पाण्यांची गाठ घालून दिली. बोटुकल्या एकदम बाहेर पडल्या नाहीत. पिशवीच्या तोंडाशी येऊन थबकल्या, दोन-तीन पुढे झाल्या आणि मग सगळी रांग काळ्या दोऱ्यासारखी तळात उतरली. अण्णा काठावर उभे राहून हे पाहत होते. "लेकरू सासरी निघाल्यागत चाललंय," एवढेच ते म्हणाले.

तीन हजार हा आकडा चूक होता, हे मार्चमध्ये कळले. हेक्टरी पाच ते दहा हजार बोटुकल्या हे मिश्र मत्स्यपालनाचे सर्वमान्य प्रमाण आहे आणि नऊशे चौरस मीटरला त्याप्रमाणे साडेचारशे ते नऊशे होतात. एवढे त्रैराशिक मला सातवीत येत होते. बीज घेताना मात्र सुचले नाही. पहिल्या वर्षी निघालेले मासे दीडशे-दोनशे ग्रॅमच्या पुढे गेले नव्हते. दाट पेरलेली ज्वारी कशी बारीक राहते हे जन्मभर पाहिलेल्या माणसाने पाण्यातही विरळणी लागते हे विसरावे, याचे मला अजून नवल वाटते. आता मी पाचशे सोडतो. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. आमच्या प्लास्टिकच्या तळ्याला गाळच जवळजवळ नाही, म्हणून मृगळ पन्नासच्या वर घेत नाही, आणि चाळीस-पन्नास गवत्या, म्हणजे गवत खाणारे ग्रास कार्प मासे, सोडतो, कारण बांधाचे गवत आमच्याकडे फुकट आहे आणि त्यावर तणनाशकाचा थेंब पडलेला नाही. गवत्या दिवसाकाठी स्वतःच्या वजनाच्या निम्म्याहून अधिक हिरवे खाऊ शकतो आणि त्याची विष्ठा पाण्याला खत होते.

उजनीवर चिलापी, म्हणजे तिलापिया मासळी, एवढी स्वस्त आणि काटक असताना ती का नाही, असे मेहुण्याने विचारले होते. चिलापी उभ्या पाण्यात स्वतःच अंडी घालते आणि वर्षात तळ्यात पिल्लांचा बुजबुजाट होतो. तो टाळण्यासाठी सगळे नरच असलेले बीज लागते आणि ते बहुतेक वेळा पिल्लांना संप्रेरक घातलेला खुराक देऊन करतात. ते मला माझ्या शेतात नको होते. हे मी मोठ्या ठसक्यात सांगितले आणि नंतर रोहूच्या जन्माची हकीकत वाचून गप्प बसलो.

आमच्या गटात बियाण्याला फार मान आहे. मालदांडी ज्वारीचे आणि गावरान उडदाचे बी आम्ही घरी राखतो, एकमेकांना देतो, राखेत घोळून मडक्यात ठेवतो. माशाच्या बाबतीत हा सगळा अभिमान तळ्याच्या काठावर सोडून यावा लागतो. रोहू, कटला आणि मृगळ उभ्या पाण्यात वाढतात, पण वितात फक्त पावसाळी पुराच्या वाहत्या पाण्यात. पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून जाळ्याने गोळा करत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या कार्प माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावले आणि तिथून देशातल्या मत्स्यबीजाचे चित्र पालटले. 10 जुलै हा आज राष्ट्रीय मत्स्यपालक दिन आहे. म्हणजे माझ्या तळ्यातल्या प्रत्येक रोहूच्या आईला इंजेक्शन मिळालेले आहे. ते नसते तर करमाळ्याच्या माळावर रोहू आलाच नसता. शिवाय हे मासे मुळात गंगा, सिंधू आणि ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतले, भीमेला ते पाहुणेच. आम्ही ज्याला 'देशी' म्हणून चिलापीच्या समोर उभा करतो, तो आमच्या नदीचा नाही. यावर माझे काही उत्तर नाही. मी दर जुलैला बीज विकत आणतो आणि मालदांडीचे मडके पाहिले की थोडा ओशाळतो.

याहून मोठा धडा दुसऱ्या वर्षी मिळाला. बोटुकल्या आणल्यावर पहिले चार-पाच दिवस त्यांना तळ्याच्या एका कोपऱ्यात हाप्यात, म्हणजे मच्छरदाणीसारख्या बारीक जाळीच्या पिंजऱ्यात, ठेवायचे पत्नीने ठरवले, म्हणजे मरतूक मोजता येते. त्याच आठवड्यात लिंबाच्या कोवळ्या पालवीवर पाने पोखरणारी अळी दिसली आणि मी दशपर्णी अर्काची फवारणी काढली. कडुनिंब, करंज, सीताफळ, रुई, धोतरा, कण्हेर, निरगुडी, सगळा पाला महिनाभर कुजवलेला, वास असा की कुत्रीही लांबून जातात. फवारणी संपली, पाठीवरचा पंप रिकामा झाला आणि मी रोजच्या सवयीने तो तळ्याच्या कोपऱ्यात विसळला. पंपात उरलेला गाळ, नोझलमधला चोथा, सगळे खळाखळा पाण्यात गेले. मला त्यात काही गैर वाटले नाही, कारण माझ्या मनाने दशपर्णीला कधी विष म्हटलेलेच नव्हते. ते औषध होते, पाल्याचे होते, आमच्याच हातचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाप्यात एकोणसत्तर बोटुकल्या पोट वर करून तरंगत होत्या. हापा नेमका त्याच कोपऱ्यात होता.

पत्नीच्या माहेरचे एक भोई मामा त्या दिवशी योगायोगाने आले होते. त्यांनी अर्कात काय काय घालतो ते विचारले. करंज आणि सीताफळाचे बी ऐकल्यावर ते हसले नाहीत, ही त्यांची सभ्यता. ते म्हणाले, "पावनं, आमचं म्हातारं उन्हाळ्यात वड्याच्या डोहात हिंगणबेट ठेचून टाकायचं. घटकाभरात मासा वर. तुम्ही त्याचाच भाऊबंद वतला की." मग मी घरी जाऊन मत्स्यपालनाचे जुने माहितीपत्रक पुन्हा काढले, तर त्यातही हेच लिहिलेले होते. तळ्यातले मरळ आणि इतर मासेखाऊ मासे नव्या बीजाआधी मारून टाकायला हेक्टरी अडीच हजार किलो मोहाची पेंड टाका, विषाचा अंमल दोन-तीन आठवड्यांत उतरतो आणि मग तीच पेंड खत होते. मोह, करंज, हिंगणबेट, गेळफळ ही सगळी आमच्या रानातली, आमच्या आजीच्या बटव्यातली नावे. झाडापासून आलेले म्हणून ते निरुपद्रवी असते, हा समज मी दहा वर्षे शेतकरी मेळाव्यांत बोलून दाखवत आलो होतो. माशाच्या कल्ल्यांना तो मान्य नव्हता.

मग मी बाकीच्या गोष्टींकडेही नव्याने पाहिले. लिंबाच्या खैऱ्या रोगावर आम्ही बोर्डो मिश्रण मारतो. मोरचूद आणि चुना, दोन्ही मर्यादेत सेंद्रिय शेतीला चालतात. पण मोरचुदातले तांबे माशाला फार थोड्या प्रमाणातही घातक ठरते. आता तळ्याला लागून असलेल्या दोन ओळींवर वारे असताना फवारणी होत नाही आणि पंप धुवायला गोठ्यामागे वेगळा खड्डा आहे. शेजारच्या वावरात कीटकनाशकाचा फवारा चालला की मी तळ्याच्या त्या अंगाच्या बांधावर उभा राहून वारा कुठला आहे ते पाहतो. प्रमाणपत्रासाठी वर्षातून एकदा तपासनीस येतो, वह्या बघतो, बांधाकडेची राखीव पट्टी पावलांनी मोजतो, चहा घेतो. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो पंप कुठे धुतला हे त्याने कधी विचारले नव्हते.

एवढ्यावर भागले असते तर बरे होते. त्याच वर्षी गौरी-गणपतीच्या सुमाराला पाणी मला फार निवळ दिसू लागले. तळ्याचे पाणी पाहण्याची एक सोपी रीत आहे: हात कोपरापर्यंत बुडवायचा आणि तळहात दिसतो का पाहायचे. जेमतेम दिसेनासा होत असेल तर पाण्यात माशाचे खाद्य पुरेसे आहे. स्पष्ट दिसला तर खत कमी. मनगटाशीच दिसेनासा झाला तर पाणी गच्च झाले. मला बोटांच्या रेषा दिसत होत्या. माहितीपत्रक अशा वेळी शेणाबरोबर युरिया आणि सुपर फॉस्फेट सांगते, आणि ते मला वर्ज्य. मग मी ओसरीतल्या जीवामृताच्या दोन टाक्या, म्हणजे चारशे लिटर, आणि वर गोबरगॅसची ताजी स्लरी एकाच दुपारी तळ्यात सोडली. जमिनीला जे अमृत ते पाण्यालाही अमृत असणार, असा माझा तर्क होता.

जीवामृतात शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन असते. जमिनीत ते पडले की जिवाणू वाढतात आणि त्यांना लागणारी हवा मातीच्या पोकळ्यांतून मिळत राहते. पाण्यात ती सोय नाही. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचा साठा मुळातच तुटपुंजा असतो. वीस अंश तापमानाला लिटरभर पाण्यात जास्तीत जास्त नऊ मिलिग्रॅम मावतो, तीस अंशाला साडेसात, आणि कार्प मासे निवांत राहायला पाच तरी हवा. आमचे मासे उबदार पाण्याचे, पंचवीस ते बत्तीस अंशांत झपाट्याने वाढणारे. म्हणजे ज्या पाण्यात त्यांना भूक जास्त लागते त्याच पाण्यात हवा कमी असते. दिवसा शेवाळ प्राणवायू सोडते, रात्री तेच तो घेते. गूळ-बेसनावर पोसलेले जिवाणू रात्रंदिवस घेतात. त्यातच तीन दिवस आभाळ आले आणि सूर्य दिसला नाही.

चौथ्या दिवशी पहाटे साडेचारला अण्णांनी मला हलवून उठवले. ते गुरांना वैरण टाकायला उठतात तेव्हा त्यांच्या कानावर तळ्यावरून आवाज आला होता. बॅटरी मारली तर सगळा पृष्ठभाग तोंडांनी भरलेला. शेकडो गोल तोंडे पाण्याबाहेर काढून कटले हवा गिळत होते, आणि त्या सगळ्यांचा मिळून एक मंद चुक-चुक असा आवाज येत होता, जात्यात पीठ ओले झाल्यावर येतो तसा. एवढे मासे आपल्या तळ्यात आहेत हे मी पहिल्यांदा त्या वेळी पाहिले. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रपाळीची होती. सारा महाराष्ट्र रात्रीच्या विजेला शिव्या देतो, मीही देतो; पण त्या पहाटे ती होती म्हणून मोटार चालू झाली. ठिबकची मुख्य नळी सोडवून मी तिचे तोंड तळ्यावर धरले, अंगठ्याने दाबून फवारा केला आणि अण्णांनी दुसरी नळी खोऱ्यावर आपटत धरली, जेणेकरून पाणी फुटून हवेत मिसळावे. साडेसातला ढगातून थोडा उजेड आला, तोवर आम्ही दोघे तसेच उभे होतो.

चौऱ्याहत्तर मासे गेले, जवळजवळ सगळे कटले. रोहू तग धरून राहिले. अण्णांनी मेलेले मासे पाटीत भरले, लिंबाच्या ओळीत हातभर खोल खड्डे घेतले आणि एकेका झाडाच्या बुडाशी पुरले. माळकरी माणसाच्या हाताला मेलेल्या माशांचा वास लागला होता आणि त्याला कारण मी होतो. ते काही बोलले नाहीत. आंघोळ करून देवापाशी नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बसले.

आता शेणखत गोणपाटात भरून दोरीने काठावरून लोंबकळत ठेवतो. त्याचा अर्क सावकाश पाझरतो, आणि आभाळ आले की गोणी ओढून बाहेर काढता येते. ही युक्ती साधी आहे, पण ओतलेले जीवामृत परत काढता येत नाही हे कळल्यावरच ती सुचली. खाद्य म्हणून शेंगदाण्याची पेंड देतो, गावातल्या लाकडी घाण्यावरची, त्यात थोडा मक्याचा भरडा मिसळून. ही पेंड सेंद्रिय शेंगांची असते का? नसते. घाण्यावर सगळ्या गावाच्या शेंगा येतात. म्हणून आमच्या लिंबाला प्रमाणपत्र आहे आणि माशांना नाही. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात मत्स्यपालनाचेही निकष आहेत, पण दोनशे किलो मासळीसाठी त्या सोपस्कारात पडणे मला परवडणारे नाही. पुण्याहून लिंबासाठी फोन करणारी मंडळी कधी कधी विचारतात, "मासेही सेंद्रियच ना?" मी काय घातले आणि काय घातले नाही ते सांगतो आणि तो शब्द वापरत नाही.

हिरव्या पाण्याची दुसरी बाजू ठिबकला कळते. शेवाळाने भरलेले पाणी ड्रिपरमध्ये गेले की आठ दिवसांत अर्धी तोंडे बुजतात. वाळूचा फिल्टर बसवला, तो एक दिवसाआड उलटा धुतो, आणि फुटव्हॉल्व्ह, म्हणजे मोटारीच्या नळीचे पाणी ओढणारे तोंड, एका रिकाम्या कॅनला बांधून पृष्ठभागाखाली तीन फुटांवर लोंबकळत ठेवला आहे, म्हणजे वरचे दाट शेवाळ आणि तळाची घाण दोन्ही टळतात. त्याला बाहेरून जाळी आहे, नाहीतर बोटुकल्या नळीत ओढल्या जातात. एवढा उपद्व्याप का सोसतो? लिंबाच्या पानांचा रंग पाहिला की सोसवतो. माशांच्या मुता-विष्ठेतला नत्र रोज थोडा थोडा झाडापर्यंत जातो आणि स्लरीच्या खेपा आता निम्म्यावर आल्या आहेत.

काठावर रोज जावे लागते म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी. प्लास्टिकच्या तळ्याचा उतार ओला झाला की त्यावर माणसाचा पाय ठरत नाही. पोहता येणारी माणसेही वर चढता न आल्यामुळे दमून बुडाली आहेत, आणि दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात अशी बातमी असतेच. आमच्या तळ्याला चारही बाजूंनी हात-हात अंतरावर गाठी मारलेले जाड दोर आत सोडलेले आहेत आणि ट्रॅक्टरच्या दोन ट्यूब कायम पाण्यावर असतात. अनुदानाच्या कागदांत ठिबकच्या पावत्या विचारतात. दोर आहे का, असे मला कोणी विचारले नाही.

खरा पेच फेब्रुवारीत सुरू होतो. लिंबाचा हस्त बहार, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरचा फुलोरा, धरला की फळ एप्रिल-मेमध्ये, ऐन मागणीत येते, आणि त्यासाठी जानेवारीपासून पाणी तुटता कामा नये. झाडाला दिवसाला शंभर लिटर धरले तर दोनशे वीस झाडांना बावीस हजार. त्यात उन्हाची वाटणी वेगळी. भरल्या तळ्याचा पृष्ठभाग नऊशे चौरस मीटर, त्यावरून एक सेंटिमीटरचा थर उडाला की नऊ हजार लिटर गेले. मी काठावर आकडे रंगवलेला बांबू रोवला आहे आणि मार्चअखेर तो जवळजवळ रोज एवढे उडालेले दाखवतो. इकडे मासे थंडीत मंदावलेले असतात. डिसेंबर-जानेवारीत पाणी वीस अंशांखाली गेले की ते पेंड तशीच सोडतात, आणि ऊन तापू लागले की पुन्हा खाऊ लागतात. म्हणजे त्यांची वाढ परत जोर धरते त्याच वेळी लिंबे त्यांच्या डोक्यावरचे पाणी ओढू लागतात. एप्रिलअखेरपर्यंत ठेवले तर कटला किलोवर जातो आणि व्यापारी भिगवणच्या बाजाराला नेण्याइतका भाव देतो. मार्चमध्ये काढला तर सहाशे-सातशे ग्रॅम भरतो आणि गावातच विकावा लागतो.

एका वर्षी मी लोभाने थांबलो. पाणी चार फुटांवर आले, दुपारी ते हाताला कोमट लागू लागले आणि लिंबाची फळे गळू लागली. सकाळी उठून मी आधी तळे पाहायचो की बाग, हे माझे मलाच कळेना. अण्णांनी त्या वेळी विचारले, "पाणी कुणासाठी अडवलंतास तू?" त्यानंतर ठरले. तळे लिंबाचे आहे. मासे त्यात राहायला आलेले आहेत. जाळे मार्चमध्येच पडेल, वजन कितीही भरो.

मग तारीखही आपोआप ठरली. होळीला पुरणपोळी असते, पण दुसऱ्या दिवशी धुळवडीला अर्धा तालुका सामिष जेवतो. फाल्गुनी एकादशीला अण्णा पंढरपूरला जातात आणि मठात राहून धुळवड उलटल्यावर परततात. धुळवडीच्या पहाटे भोई मामा आणि त्यांचे दोन पुतणे ओढजाळे घेऊन येतात. जाळ्याच्या तळाला शिशाच्या मण्यांची ओळ असते, ती प्लास्टिकवरून सरकताना खरखर वाजते. प्लास्टिक फाटू नये म्हणून दोघे पाण्यात उतरून ती हाताने उचलत नेतात. जाळे कोपऱ्यात आवळत आले की पाणी आधी थरथरते आणि मग एकदम उकळल्यासारखे उसळते. गवत्या जाळ्यावरून उड्या मारतात. पत्नी काठावर ताणकाटा घेऊन बसते आणि भाव तीच सांगते. माझ्याने घासाघीस होत नाही हे तिला माहीत आहे. साडेनऊपर्यंत सगळी विक्री होते. मागच्या धुळवडीला एकशे शहाण्णव किलो भरले, सरासरी एकशे तीसच्या भावाने पंचवीस हजारांवर रक्कम आली, आणि बीज, पेंड, मक्याचा भरडा, जाळ्याची मजुरी वजा जाता वहीत सोळा हजार शिल्लक राहिले. त्यात अण्णांचे आठ महिने धरलेले नाहीत. वर्षभराच्या घरखर्चापुढे ही रक्कम लहान आहे आणि यावर कोणी श्रीमंत होईल असे मी कुणाला सांगणार नाही. पण ज्या वर्षी लिंबाचा दर पडला त्या वर्षी सोसायटीचे व्याज यातून गेले.

अण्णा त्या वेळी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी परतले. प्रसादाची पुडी आईच्या हातात दिली, चूळ भरली आणि रोजच्या वेळेला डबा घेऊन तळ्याकडे गेले. आठ महिने त्यांनी याच वेळी डब्यावर चमच्याने तीन टिचक्या मारून खाद्य टाकलेले, आणि त्या आवाजाला मासे कोपऱ्यात गोळा व्हायचे. मी लांबून पाहत होतो. त्यांनी टिचक्या मारल्या. पाणी गढूळ होते आणि त्याच्यावर काहीच हलले नाही. थोडा वेळ थांबून त्यांनी बांधावरचे गवत मूठभर कापले, पाण्यावर टाकले आणि डबा तसाच घेऊन परत आले.

सकाळी मी मोटार चालू करायला गेलो, तर गवताची नुसती जाड देठे काठाशी तरंगत होती. जाळ्यावरून उडी मारून निसटलेले काही गवत्या असणार. घरी येऊन अण्णांना सांगितले, तेव्हा ते चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला, कुडात खोचलेला विळा काढला आणि बांधाकडे निघाले.